पाप्पाचा झरोका

सौना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची लाकडी खोली, ऐंशी डिग्रीला न्यायचा असेल तर हौकिलम्पीतलं कुठलंही शेंबडं पोर नेईल. लाकडं कोंबा, काडी लावा, दीड तासानं कपडे काढून आत जाऊन बसा. संपलं. पण तोच सौना बत्तीसला आणायचा आणि बत्तीसलाच धरून ठेवायचा, हा येडेपणा त्या गावात आजवर कोणी केला नव्हता. करेल कशाला कोण?

ओस्मो लेह्तोरांता करत होता. बाहेर जानेवारी, उणे सव्वीस. आत ओस्मो, शेगडीसमोर उकिडवा, एका हातात थर्मामीटर, दुसऱ्या हातात बर्चचं लाकूड. लाकूड टाकलं की चाळीस, नाही टाकलं की वीस. आणि खालच्या बाकावर पुठ्ठ्याच्या खोक्यात गावठी जातीची पंधरा पिल्लं. वीसला एकमेकांच्या अंगावर चढायची, चाळीसला चोची उघडून आडवी पडायची. म्हणजे त्यांचंही काही ठरत नव्हतं.

दार उघडलं. बायको. हेल्का. खांद्यावर टॉवेल, कारण शनिवार होता.

"हे काय आहे?"

"दार लाव आधी! अठ्ठावीसवर आलं बघ!"

"ओस्मो. काय आहे हे?"

"पिल्लं."

"ते दिसतंय. माझ्या सौन्यात का आहेत?"

"मग घरात ठेवू? स्वयंपाकघरात? चालेल?" ओस्मो उठून उभा राहिला, डोकं छताला आपटलं, तरी बोलणं थांबवलं नाही. "तूच बघ ना. ऊब आहे. जमीन धुता येते. पाणी जायला नाली आहे. बसायला बाक आहेत, वरचा, खालचा. हेल्का, खरं सांगू? सौना म्हणजे कोंबड्यांसाठीच बांधल्यासारखा आहे."

हे बोलायला नको होतं.

हेल्का दातांच्या दवाखान्यात नर्स आहे. ती कधी ओरडत नाही. ती फक्त जवळ येते आणि हळू आवाजात बोलते, आणि समोरच्याला आपोआप आ करावासा वाटतो.

"हा सौना माझ्या बाबांनी बांधलाय," ती म्हणाली. "एकेक ओंडका स्वतः तासून. माझा जन्म इथं झालाय. बाबा वर्षातून एकदा ह्या गावात येतात, युहान्नुसला, आणि ते माझ्यासाठी येत नाहीत, तुझ्यासाठी तर नाहीच नाही. ह्याच्यासाठी येतात. तर आता ऐक. युहान्नुसच्या संध्याकाळी आठ वाजता बाबा वरच्या बाकावर बसतील. सौना गरम असेल. स्वच्छ असेल. आणि आत एक पीस नसेल. एक जरी सापडलं ना, तर कोंबड्या जातील आणि तू सुट्टी मोडून विमा कचेरीत. कळलं?"

"कळलं."

"आणि तोवर बाबांना ह्यातलं काही कळता कामा नये."

"अगं, पण..."

"एकतीस झालंय," हेल्का म्हणाली आणि गेली.

आता विमा कचेरी. ओस्मोनं तिथून वर्षाची सुट्टी घेतली होती, आणि निरोपाच्या कॉफीला, कोणी विचारलेलं नसताना, उभा राहून म्हणाला होता, की मित्रहो, पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही माझी अंडी खाल. मित्रांनी केक खात मान हलवली होती. आता त्या लोकांसमोर परत जाऊन खुर्चीत बसायचं? त्यापेक्षा तळ्यातल्या बर्फाच्या भोकात बसलेलं बरं. म्हणजे युहान्नुसला, उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, एका पिसावर ओस्मोची इज्जत लटकणार होती.

पाप्पाचा, म्हणजे सासऱ्याचा, दर शनिवारी औलूहून फोन यायचा. चौऱ्याऐंशी वर्षांचा म्हातारा, सगळं गाव त्याला पाप्पाच म्हणायचं. फोनवर त्याचा एकच प्रश्न.

"तापला का सौना?"

"तापला, बाबा," हेल्का म्हणायची. खोटं नव्हतं. बत्तीस.

स्वतःचा सौना गेला म्हणजे दुसऱ्याच्यात जाणं आलं. शेजारी आर्वो. वीज खात्यातून रिटायर झालेला, आणि रिटायर झाल्यापासून जगातल्या सगळ्या खात्यांचा साहेब. त्यानं पहिल्याच आठवड्यात येऊन पिल्लांवर लाल दिवा टांगून दिला आणि ओस्मोची लाकडापासून सुटका केली. त्याची वसुली मात्र दर शनिवारी व्हायची. आर्वोच्या वरच्या बाकावर ओस्मो बसलेला, अंगावर एक धागा नाही, पळून जायला तोंड नाही, आणि आर्वो पाणी ओतून ओतून शिकवतोय.

"त्यांना मासे दे."

"तू गेल्या वेळी म्हणालास मासे देऊ नको."

"गेल्या वेळी ती लहान होती. पाय बघितलेस त्यांचे? पाय कसे आहेत?"

"दोन आहेत."

"तेच तर. तू बघत नाहीस." मग ओगराळ्यानं दगडांवर पाणी, चर्रर्र, आणि दर वेळी ठरलेलं भाषण. "ही वाफ बघ. मऊ आहे ना? लोण्यासारखी? कशामुळं?"

ओस्मोला पाठ होतं. "झरोक्यामुळं."

"झरोक्यामुळं!" आर्वोनं खाली बोट दाखवलं. मागच्या भिंतीला, जमिनीलगत, मांजर जाईल एवढं चौकोनी भोक, त्यावर चामड्याच्या बिजागरीवर लोंबणारी फळी. "तुझ्या सासऱ्याचा झरोका. बाकीचे मूठभर भोक ठेवतात आणि मग बोंबलतात वाफ टोचते म्हणून. पंधरा वर्षांपूर्वी मी तुमच्याकडं हा बघितला, डोक्यात उजेड पडला. लगेच भिंत कापली. मी सांगितलं म्हणून सगळ्या गावानं कापली. तो म्हातारा जीनियस आहे."

"हो ना," ओस्मो म्हणाला. त्यात त्याला खरंच अभिमान होता. पाहुणे आले की तोही त्यांना सौन्यामागं नेऊन झरोका दाखवायचा. पाहुणे वाकून बघायचे आणि म्हणायचे, अच्छा.

पिल्लांच्या कोंबड्या झाल्या. पंधरापैकी चार कोंबडे निघाले, त्यातले तीन आर्वोच्या ओळखीनं कुठंतरी गेले. कुठं, ते ओस्मोनं विचारलं नाही. उरल्या अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा, जो कायम घाबरलेला असायचा. अकरा जणींत एक करडी, मानेवर पिवळी झाक, चालताना मागं वळून न बघणारी. वरच्या बाकाच्या मधोमध ती. मग तिच्या दोन्ही बाजूंना बाकीच्या, मानाप्रमाणं. कोंबडा खाली, नालीजवळ. हेल्कानं एकदा दारातून बघितलं आणि म्हणाली, "ही आमच्या शाळेच्या हेडबाईंसारखी बघते." झालं, नाव पडलं. हेडबाईनं ओस्मोकडं बघितलं की त्यालाही उगाच खिशातले हात बाहेर काढावेसे वाटायचे.

बाहेर सोडायची सोय नव्हती. वसंतात रानपक्षी परत येतात, त्यांची रोगराई लागू नये म्हणून मे संपेपर्यंत कोंबड्या आतच, असा नियम. ठीक आहे. ओस्मोनं तोवर अंगणात खुराडं बांधायला घेतलं. आता खुराडं म्हणजे इमारत. इमारत म्हणजे फॉर्म. फॉर्म म्हणजे शेजाऱ्यांच्या सह्या. आणि सही म्हणजे कॉफी.

डावीकडच्या साइमी आजींकडं तो चार वेळा गेला. पहिल्या दिवशी त्यांनी कॉफी आणि गोड पाव दिला आणि खुराड्याचं दार उगवतीला हवं म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी कॉफी, पाव, आणि दार मावळतीला. तिसऱ्या दिवशी चष्मा सापडेना. चौथ्या दिवशी सही झाली, पण खुराड्यासाठी नाही. त्यांना वाटलं रस्त्यावरच्या दिव्याचा अर्ज आहे, आणि त्यांनी सहीखाली लिहिलं, "दिवा नको, झोप येत नाही."

नगरपालिकेत पिर्यो नावाची बाई होती, ती फोनवर म्हणाली, "अर्ज मिळाला. पण शेजाऱ्यांची दिव्याला हरकत आहे."

"दिवा नाहीये!"

"मग हरकत मागं घ्यायला सांगा."

"जो दिवा नाहीये त्याची हरकत मागं घ्यायची?"

"लेखी," पिर्यो म्हणाली.

ओस्मोनं फोन बर्फात फेकला. मग हातमोजे घालून वीस मिनिटं शोधला. पाचवी कॉफी झाली, पाचवा पाव झाला, हरकत मागं गेली. आजींनी परत विचारलं, पण मग दिवा कधी लावतोयस? ओस्मो म्हणाला, बघतो.

एक जूनला खुराडं तयार. लाल रंग, पांढऱ्या कडा, आत नव्या कोऱ्या दांड्या, पेंढा, अंडी घालायच्या पेट्या. ओस्मोनं एकेक कोंबडी उचलून तिथं नेली, चार दिवस कोंडून ठेवली म्हणजे सवय होईल, आणि इकडं सौना साबणानं घासला. पाचव्या सकाळी खुराड्याचं दार उघडलं. दिवसभर अंगणात चरल्या. ओस्मो पायरीवर बसून बघत होता आणि जगात सगळं ठीक होतं.

संध्याकाळी आठ वाजता खुराड्यात कोणी नव्हतं. एक कोंबडा सोडून.

सौन्यात वरच्या बाकावर अकरा. मधोमध हेडबाई.

"दार तू उघडं ठेवलंस," हेल्का म्हणाली.

"नाही ठेवलं!"

दुसऱ्या दिवशी कडी लावली. आठला अकरा. तिसऱ्या दिवशी कुलूप लावलं आणि किल्ली खिशात ठेवली. आठला अकरा. चौथ्या दिवशी ओस्मो साडेसातपासून दारासमोर खुर्ची टाकून बसला. डोळा न मिटता. कोंबड्या लाकडाच्या वखारीजवळ टिपत होत्या, मग सौन्याच्या मागच्या खुरट्या झुडपांत दाणे शोधत होत्या, मग दिसेनाशा झाल्या. आठ वाजले. दारातून मुंगीसुद्धा गेली नव्हती. ओस्मोनं किल्ली काढली, कुलूप उघडलं, दार ढकललं.

हेडबाईनं त्याच्याकडं बघितलं. उशीर झाला, असं.

ओस्मो बाहेर आला, दार लावलं, परत उघडलं. अकरा. त्यानं स्वतःच्या खिशातली किल्ली स्वतःलाच दाखवली. माणसानं विमा कंपनीत तेवीस वर्षं लोकांचे चमत्कारिक दावे वाचले, झाड आपणहून गाडीवर आलं वगैरे, आणि सगळे नामंजूर केले. आता त्याच्याच घरी हे.

आर्वो आला, कुलूप हलवून बघितलं. "तू झोपेत उघडतोस."

"मी झोपलो नव्हतो!"

"झोपेतल्या माणसाला तसंच वाटतं."

साइमी आजी आल्या आणि त्यांनी एका नजरेत ओळखलं. "सौन्यातला बुटका आहे तो. राखणदार. त्याला एकटं वाटतं, म्हणून बोलावतो त्यांना. त्याच्यासाठी लापशी ठेव रे."

"आजी, मी शिकलेला माणूस आहे."

"असशील. लापशी ठेव."

ओस्मोनं लापशी ठेवली. सकाळी वाटी चाटूनपुसून साफ, आणि हेडबाईच्या चोचीला लापशी. ह्यातनं काय समजायचं, ते त्याला समजलं नाही.

आता शंका येईल, की बाबा रे, पाप्पाला फोन करून विचारायचं ना. बांधणारा तोच आहे. पण तेच तर करायचं नव्हतं. पाप्पाला विचारायचं म्हणजे पाप्पाला सांगायचं. आणि तो झरोका? झरोका तर ओस्मोनं रोज बघितला. दोनदा पुसला. पण झरोका हा झरोका असतो. त्यातून हवा जाते. हौकिलम्पीत जन्मलेला माणूस एक वेळ चर्चची घंटा काढून विकेल, पण सौन्याच्या झरोक्याबद्दल वेडावाकडा विचार त्याच्या मनात येणार नाही.

जूनच्या मध्याला पिर्यो तपासणीला आली. ठेंगणी बाई, रबरी बूट, काखेत फाईल. तिनं खुराड्यात वाकून बघितलं, दांडीवरून बोट फिरवलं, आणि बोट बघत उभी राहिली.

"स्वच्छ आहे."

"थँक्यू," ओस्मो म्हणाला.

"मी चौदा वर्षं खुराडी बघतेय. दांडीवर एक शीट नाही. इथं कोंबड्या राहतच नाहीत."

ओस्मोनं खरं सांगून टाकलं. दुसरं करणार काय? कुलूप दाखवलं, किल्ली दाखवली. बुटक्याचं सांगितलं नाही, पण वाटी तिथंच पडली होती.

पिर्यो बराच वेळ फाईल चाळत राहिली. "म्हणजे मंजूर इमारत आहे, त्यात कोंबड्या नाहीत. कोंबड्या आहेत, त्या नामंजूर इमारतीत. आणि जातात कशा?"

"माहीत नाही."

"ह्याला माझ्याकडं रकाना नाही," ती म्हणाली, जरा दुखावल्यासारखी. तिनं समासात लिहिलं: *मुक्काम अनिश्चित.* "कोंबड्या नोंदवलेल्या जागी झोपायला लागल्या की कळवा. तोवर अंडी विकता येणार नाहीत."

अंडी! अंडं अजून एकही पडलं नव्हतं. ते नसतानाच त्याच्या विक्रीला बंदी आली.

युहान्नुसच्या आदल्या दिवशी पाप्पा बसमधून उतरला. वाळलेल्या लाकडासारखा माणूस. हात मिळवला, अंगणातल्या कोंबड्यांकडं बघितलं, "कोंबड्या," म्हणाला, आणि बटाटे खायला आत गेला. त्या रात्री ओस्मोनं सौन्यातून अकरा झोपलेल्या कोंबड्या उचलून खुराड्यात नेल्या, बाहेरून खिळी लावली, आणि सणाचा अख्खा दिवस सौना घासला. फळीन्‌फळी. सणाच्या रिवाजाप्रमाणं दाराशी दोन हिरवी बर्चची झाडं उभी केली. शेगडी पेटवली. साडेसातला ऐंशी डिग्री. पीस? भिंग घेऊन शोधा. नाही.

तेवढ्यात कुंपणापलीकडून साइमी आजी, नवा स्कार्फ बांधलेल्या, हात हलवत म्हणाल्या, "ओस्मो! तू विसरलास रे, त्यांचं दार बंदच राहिलं होतं. मी उघडलं. सणाच्या दिवशी कोणाला कोंडतात का?"

ओस्मोनं अंगणाकडं बघितलं. अंगणात कोंबडा होता.

"पाणी घेऊन ये," सौन्याच्या दारातून पाप्पा म्हणाला. "आणि दार लाव."

वरच्या बाकावर दोघं. पाप्पानं पाणी टाकलं. चर्रर्र. सासरे-जावयांचं बोलणं एवढंच असतं. पण आज ओस्मोच्या घामातला निम्मा सौन्याचा नव्हता. आठला दोन मिनिटं. पाप्पा डोळे मिटून. आठ.

मागच्या भिंतीला, जमिनीलगत, फळी हलली.

आधी चोच आली. मग पिवळ्या झाकेची मान. हेडबाई अर्धी आत आणि अर्धी बाहेर, वर बघत. तिच्या जागेवर, मधोमध, एक नागडा म्हातारा बसला होता. तिनं ओस्मोकडं बघितलं. ओस्मो आक्रसून भिंतीला टेकला आणि भाजला.

"आत ये नाहीतर बाहेर जा," पाप्पा डोळे उघडून म्हणाला. "ऊब जातेय."

हेडबाई बाहेर गेली. फळी आपोआप पडली. टप.

"पाप्पा," ओस्मोनं फळीकडं बोट दाखवलं. "ती झरोक्यातून आली."

"कसला झरोका?"

"हा. तुमचा."

"झरोका तो शेगडीमागचा, मुठीएवढा." पाप्पानं त्याच्याकडं असं बघितलं की जणू पोरीनं कुणाशी लग्न केलं हे त्याला आत्ता कळतंय. "हे कोंबड्यांचं दार आहे. आमची आई थंडीत कोंबड्या इथंच ठेवायची. हेल्का झाली तेव्हा चार होत्या इथं, खालच्या बाकावर. दुसरं कशाला करील कोणी एवढं भोक? वेडा आहे का?"

हे पचवायला ओस्मोनं तीन ओगराळी पाणी ओतलं. मग काही बोलणार, तेवढ्यात शेजारून आरडाओरडा झाला. आर्वोचा. माणूस बुडताना ओरडतो तसा.

सगळे बाहेर पळाले. पाप्पा टॉवेलात, ओस्मो टॉवेलात, घरातून हेल्का, कुंपणाशी साइमी आजी. आर्वो सणाला नेहमी लवकर सौना घेतो आणि मग मागं उरलेल्या कोमट उबेत परत जाऊन बसतो. तो कुंपणापाशी उभा होता, तोही टॉवेलात, तळहात पुढं करून. तळहातावर अंडं.

"माझ्या वरच्या बाकावर," आर्वो म्हणाला. "सगळ्या! कुलूप होतं! ओस्मो, मी शपथेवर सांगतो, कुलूप होतं आणि किल्ली..."

"तू झोपेत उघडलंस," ओस्मो म्हणाला. पाच महिन्यांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

पण हेल्का अंड्याकडं बघत नव्हती. ती बापाच्या पाठीकडं बघत होती. घामानं ओल्या खांद्यांच्या मधोमध एक छोटं करडं पीस चिकटलं होतं.

तिनं ते दोन बोटांत उचललं. जवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "ओस्मो."

ओस्मोचं तोंड उघडलं. आपोआप.

पाप्पानं पिसाकडं बघितलं. मग जावयाकडं. मग कुंपणाकडं.

"आर्वोकडून उडत आलं," पाप्पा म्हणाला.

हेल्का बापाला पन्नास वर्षं ओळखत होती, आणि तो खोटं बोलताना तिनं पहिल्यांदाच बघितला. तिनं कुंपणापर्यंतचं अंतर नजरेनं मोजलं. मग पीस एप्रनच्या खिशात टाकलं. "शनिवार आपला," ती ओस्मोला म्हणाली. "बाकीचे सहा वार त्यांचे. आणि पिर्योला तू सांग. मी नाही."

"थांबा, थांबा," आर्वो म्हणाला. त्याला आता काहीतरी उमगत होतं आणि ते त्याला नको होतं. "म्हणजे तो झरोका... पाप्पा, पण मग हवा? मऊ वाफ? पंधरा वर्षं मी..."

"हवा दारातून येते," पाप्पा म्हणाला. "अंडं दे इकडं. उकडू."

तळ्याकाठी सणाची होळी पेटवायला लोक जमायला लागले होते. गावभर, झाडांमधून, सौन्यांचे धूर सरळ वर चालले होते. ओस्मोनं ते मोजले. अकरा. प्रत्येकाच्या मागच्या भिंतीला, जमिनीलगत, आर्वोच्या सांगण्यावरून कापलेलं एकेक दार. एकेक घर सणाची अंघोळ उरकत होतं, एकेक सौना कोमट होत होता.

आर्वोच्या सौन्यामागून हेडबाई बाहेर आली. आर्वोचं ओरडणं तिला पसंत पडलं नव्हतं. तिनं मान वळवून धूर बघितले, आणि मागं न बघता गावाच्या दिशेनं चालायला लागली. तिच्यामागं दहा.

"अरे, अडव त्यांना!" आर्वो म्हणाला.

"कशाला?" ओस्मो म्हणाला. सोमवारी पिर्योकडं जाऊन किती फॉर्म आणायचे, ह्याचा तो हिशोब करत होता.